दोन पॅनेल की चार

४ मार्च

समोरच्याने गच्चीवर सौर पॅनेल बसवल्यापासून त्याची कॉलर इतकी ताठ झाली आहे की मला त्याच्या मानेची काळजी वाटते. रोज फाटकाशी गाठून विचारतो, "मग, तुम्ही कधी?" आज शेवटी त्याच्याच माणसाला बोलावून घेतलं. एकदाचं तोंड बंद होऊ दे.

माणूस चुणचुणीत आहे. खिशात लेझरचं माप आणि तोंडाला विश्रांती नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव ऊनवाला ठेवलं. बसल्या बसल्या विचारलं, "घरात माणसं किती?"

"एक."

"आणि?"

"आणि काय? एक म्हणजे एक."

मग त्याने विजेची बिलं मागितली, मोबाइलवर बोटं आपटली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला दोन किलोवॅट लागेल. चार पॅनेल." माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी दुकानदारांचे तराजू तपासले. कोणी जास्तीचं माप सांगायला लागलं की माझा डावा डोळा आपोआप बारीक होतो. त्याने तो पाहिला असावा. म्हणाला, "मी नाही, तुमचं बिल सांगतंय. एकट्या माणसाला महिन्याला एकशे पंचाण्णव युनिट म्हणजे जरा जास्तच आहेत."

जरा नाही, भलतेच जास्त आहेत. आणि हे मला एका ऊनवाल्याने सांगावं!

६ मार्च

दोन दिवस घरातलं एकेक यंत्र धरून बसले. प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर ऊनवाल्याकडून मागून घेतलं. फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप, गिझर, टीव्ही, इस्त्री. मिक्सरसुद्धा सोडला नाही. सगळं मिळून महिन्याचे शंभरच्या आसपास युनिट होतात. म्हणजे एक किलोवॅट, दोन पॅनेल. माझं माप बरोबर आहे आणि बिलही खोटं नाही. मग उरलेली वीज जाते कुठे?

कपाटातून मागची बिलं काढली. गेल्या वर्षापर्यंत शंभराचाच आकडा आहे. या वर्षाच्या सुरुवातीपासून तो फुगला.

पुष्कळ दिवसांनी डोक्याला काम मिळालं. दुपारी झोपलेच नाही.

९ मार्च

ऊनवाला गच्ची मोजायला आला. टाकीची सावली कुठवर सरकते ते पाहायचं म्हणून दुपारभर वर उभे होतो. पलीकडच्याची टाकी माझ्या टाकीला चिकटूनच आहे. झाकणावर शेवाळ धरलंय. साफ करायला कोणी वर येतच नाही वाटतं.

ऊनवाल्याने विचारलं, "पलीकडे कोण राहतं?"

"शेजारी," मी म्हटलं.

खोटं नाही ते. घर वडिलांनी बांधलेलं, साधंच, स्लॅबचं. मधोमध भिंत घालून दोन केलं, त्याला नऊ वर्षं झाली. माझं दार पुढच्या रस्त्यावर, त्याचं मागच्या गल्लीत. तो म्हणत होता, घर विकू, कुठेतरी शेजारी-शेजारी दोन फ्लॅट घेऊ. मी म्हटलं, मी इथून हलणार नाही. भिंतीचं काम सुरू झालं त्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला घर हवंय, माणसं नकोत." त्यानंतर आम्ही बोललो नाही. आई होती तोवर तिच्या खोलीत एकमेकांसमोरून जायचो, तेही मान फिरवून. आई गेली. वहिनी गेली तेव्हा मी त्याच्या बाहेरच्या खोलीत तासभर बसून आले. तो आत होता.

गच्चीच्या कठड्यावरून त्याचं अंगण दिसतं. मी मुद्दाम पाहिलं नाही, सावली पाहताना दिसलं. कपडे वाळत घालायची दोरी त्याने इतकी खाली बांधलीय की टॉवेलाचं टोक जमिनीला लागतं. दाराच्या दोन पायऱ्यांवर एक लांब फळी टाकलीय. माणूस म्हातारा झाला की तऱ्हेवाईक होतो म्हणतात. हा तर आधीपासूनच होता.

१२ मार्च

सापडलं!

ऊनवाला म्हणाला, घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लगसुद्धा काढा, आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. वीज चालू असली की तो लुकलुकतो, जास्त चालू असली की भराभर. सगळं बंद केलं. तरी दिवा आपला लुकलुकतोय! ऊनवाला म्हणाला, "आता एकेक फ्यूज काढू."

पेटीतला चौथा फ्यूज ओढला आणि दिवा थांबला. त्या फ्यूजवर कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. पिवळी पडलीय, पण वाचता येते. "आई."

मी स्टुलावर बसले. घर वाटलं गेलं तेव्हा आईची खोली त्याच्या बाजूला गेली. मी तेव्हा हटून बसले होते की आईचा दिवा आणि पंखा माझ्या मीटरवरच राहील. आई काही त्याची एकट्याची नाही. वायरमनने डोक्याला हात लावला, पण वायर तशीच ठेवली आणि ही पट्टी लिहून लावली. आई गेल्यावर खोलीला कुलूप लागलं. वायर कोणाच्या लक्षात राहिली नाही. रोज पेटीसमोरून जाते मी, पण ती पट्टी दिसायचीच बंद झाली होती.

ऊनवाल्याने विचारलं, "काय करायचं मॅडम? तोडून टाकू? मग तुमचे दोनच पॅनेल लागतील."

म्हटलं, थांबा. आधी मोजू दे.

फ्यूज परत बसवला. दिवा लुकलुकायला लागला.

१३ मार्च

म्हणजे आईची खोली उघडली आहे. त्याने मला कळवलंसुद्धा नाही.

१७ मार्च

शास्त्रशुद्ध मोजायचं तर रोज ठरावीक वेळी मोजायला हवं. म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत अधूनमधून दिवा बघते, आणि दुपारी माझं सगळं बंद करून ताट घेऊन मीटरखालच्या स्टुलावर बसते. जेवणही होतं, कामही होतं.

पंखा जवळजवळ दिवसभर चालू असतो. म्हणजे पठ्ठ्या दिवसभर त्याच खोलीत पडून असतो. पूर्वी घरात ठरत नव्हता. पहाटे मी उठते तेव्हा तिकडे दिवा आधीच लागलेला असतो. संध्याकाळी टीव्ही, बातम्यांच्या वेळेला. दुपारी दोन-अडीचला मात्र एक वेगळाच भार चढतो, दोन पंख्यांएवढा, आणि दिवेलागणीपर्यंत उतरत नाही.

हे काय असेल?

२१ मार्च

डोक्यात प्रकाश पडला. पायऱ्यांवर फळी कशाला? गाडी चढवायला. दुपारभर भार कसला? बॅटरी भरण्याचा. साहेबांनी विजेवर चालणारी स्कूटर घेतली आहे आणि ती आईच्या खोलीत उभी करून माझ्या मीटरवर चार्ज करताहेत! आईच्या खोलीत! जिथे आई आम्हाला चपला घालून येऊ द्यायची नाही!

ऊनवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, स्कूटरला एवढ्याशा भाराने भागत नाही. जास्त लागतो."

म्हटलं, स्वस्तातली घेतली असेल. तो कायम स्वस्तातलंच घेतो. छत्रीसुद्धा कधी धड घेतली नाही.

गेल्या वर्षाच्या शेवटी तो मुलाकडे जाऊन आला होता, चांगले तीन महिने. घर बंद होतं. मी म्हटलं, हवापालट चाललीय मजेत. तिकडून नवीन गाडीची हौस घेऊन आला असणार.

इतका राग बऱ्याच दिवसांत आला नव्हता. जेवण मात्र चांगलं गेलं.

२४ मार्च

आज मोजायचं काही नव्हतं, आकडे कधीच मिळालेत. तरी स्टुलावर बसले. सवय लागली.

पहाटे त्याचा दिवा रोजच्यापेक्षा फार आधी लागला. झोप लागत नसेल. मला काय करायचंय.

२८ मार्च

ऊनवाल्याला आज शेवटचा आकडा हवा होता. दोन की चार?

मी सकाळी पेटी उघडली आणि आईच्या नावाचा फ्यूज काढून टेबलाच्या खणात ठेवला. चोरी नाही म्हणणार मी, पण विचारायला काय झालं होतं? "वीज वापरतोय" एवढं सांगायला काय जीभ झडली असती? आता येईल. गल्लीला वळसा घालून येईल, दार बडवेल, ओरडेल. काय बोलायचं ते मी तयार ठेवलं आहे. नऊ वर्षांचं साठलंय. साडी बदलली, केस नीट केले. भांडायचं तर गबाळं कशाला दिसायचं? दोघांचा चहा होईल एवढं दूध आहे की नाही तेही पाहिलं. भांडण लांबलं तर माणसाचा घसा सुकतो.

दुपार झाली. नाही आला.

ऊनवाल्याच्या ऑफिसात जायचं होतं, तिकडे उद्या येते म्हणून कळवलं. तो आला आणि घराला कुलूप दिसलं तर?

संध्याकाळ झाली. नाहीच आला. तिकडे आवाज नाही, दिवा नाही. गुर्मी बघा, अंधारात बसेल पण दार वाजवणार नाही. माझं सगळं बंद केल्यावर मीटरवरचा दिवाही थांबला. स्टुलावर बसून दोन घास खाल्ले आणि उठले.

दोन पॅनेल. ठरलं.

२९ मार्च

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी स्वयंपाकघरात होते. भिंतीवर तीन ठोके पडले. थोड्या वेळाने पुन्हा तीन. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. तसे ठोके आई द्यायची, काठीने, मी हवी असले की. भिंतीपलीकडे तिचा पलंग होता. ठोके ऐकून मी गल्लीला वळसा घालून धावत जायची.

आजही धावले. आईच्या वेळची किल्ली खिळ्यावर होतीच. ती कुलपाला लागली. नऊ वर्षांत त्याने कुलूप बदललं नव्हतं.

दादा आईच्या पलंगावर होता. घामाने निथळत होता, ओठ कोरडे पडलेले. हातात आईची काठी. चादरीखाली एक पाय गुडघ्यापर्यंतच होता.

पलंगापासून हातभर अंतरावर चाकांची खुर्ची उभी होती, बॅटरीवर चालणारी. हँडलवरचा दिवा विझलेला. पाण्याचा तांब्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टेबलावर.

मी तांब्या उचलून आणला. पाणी दिलं. तो दोन तांबे प्यायला. मग म्हणाला, "खुर्ची बंद पडली, दुसऱ्या खोलीत नेऊन लावायच्या आधीच. फोनपण बंद. कामाची बाई आज सुट्टीवर आहे. नाहीतर तुला त्रास दिला नसता."

"पाय?"

"साखरेने नेला. मुलाकडे होतो तेव्हा."

"मला कळवलं नाही कोणी."

"मीच नको म्हटलं. तू आली असतीस, आणि रडली असतीस. मला ते झेपलं नसतं."

मी म्हटलं, "मी फ्यूज काढला."

"माहीत आहे. तुझ्या खिडकीतला उजेड समोरच्या झाडावर पडतो. सगळीकडे लाइट गेले असते तर तोही गेला असता."

"मग काल का नाही ठोकलंस?"

त्याने काठी बाजूला ठेवली. "वाटलं, तुला राग आलाय तर येऊ दे. तुझी वीज विचारल्याशिवाय वापरली, चूक माझीच. ही एकच खोली संडासाला लागून आहे, म्हणून इथे राहायला आलो. पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि पंखा फिरला. म्हटलं, बुटकीने अजून वायर ठेवलीय. बरं वाटलं. सांगितलं असतं तर तू तोडलीस की ठेवलीस ते कळलं असतं. नाही कळलं तेच बरं होतं."

बुटकी म्हणजे मी. मला त्या नावाने हाक मारणारं आता जगात दुसरं कोणी उरलेलं नाही.

घरी येऊन खणातून फ्यूज काढला. तो नीट बसेना. बसल्यावर भिंतीपलीकडून पंख्याची घरघर ऐकू आली. मग मी खूप रडले. तो म्हणाला ते खरं होतं, त्याच्यासमोर रडले असते तर त्याला झेपलं नसतं.

२ एप्रिल

दुपारचं ताट आता तिकडे घेऊन जाते. आम्ही फार बोलत नाही. नऊ वर्षांत बोलण्याची सवयच गेली आहे. तो बातम्या बघतो, मी पंख्याकडे बघते. काल त्याला चार पॅनेल आणि दोन पॅनेलचा सगळा घोळ सांगितला. स्कूटरचं सांगितल्यावर इतका हसला की ठसका लागला. म्हणाला, "आणि स्वस्तातली म्हणे! या खुर्चीचा चार्जर मात्र खरंच स्वस्तातला आहे."

मग गंभीर होऊन म्हणाला, "चार घे. दोन घेऊन पुरायचे नाहीत."

ऊनवाल्याला लगेच फोन केला. चार.

८ एप्रिल

आज त्याच्या मुलाचा फोन आला होता. तो येतोय, दादाला कायमचं न्यायला. बोलणं आधीच झालं होतं, महिन्यापूर्वी. तिकडे लिफ्ट आहे, डॉक्टर खाली आहे, नातवंडं आहेत. दादा माझ्याकडे न बघता हे सांगत होता. बटाटे सोलायला मी आणले होते, ते तोच सोलत होता, हळूहळू, सालं जाडजाड काढत.

मी म्हटलं, "बरंच आहे की."

"बरंच आहे," तो म्हणाला.

"मग चार पॅनेल कशाला घ्यायला सांगितलेस?"

त्याने पुढचा बटाटा उचलला. "त्या दिवशी विसरलो मी, जायचंय ते," म्हणाला.

मी त्याला थांब म्हणायला हवं होतं. दिवसभर ते जिभेच्या टोकावर होतं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? मी रोज किती वेळा उचलणार त्याला? माझी कंबर ही अशी. आणि मी फ्यूज काढणारी बाई.

१५ एप्रिल

गेला. मुलाने गाडी गल्लीत लावली, खुर्ची दुमडून मागे ठेवली. निघताना दादाने काठी माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडे राहू दे. भिंत तुझ्याच बाजूला आहे."

त्याच्या बाजूलाही होती. मी काठी घेतली.

गाडी वळल्यावर ऊनवाल्याचा फोन. "मॅडम, उद्या माल निघतोय. चारच ना? शेजारी जाणार म्हणालात, तर दोन करू? माप जास्त होईल."

मी तीस वर्षं जास्तीचं माप पकडण्यात घालवली. म्हटलं, "चार."

"पण का?"

"फ्रिज जुना झालाय."

२३ एप्रिल

चार पॅनेल बसले. समोरच्याने गच्चीवरून हात हलवला. ऊनवाल्याने जिन्याखाली एक पेटी लावली आहे, तिच्यावर आज किती वीज झाली ते दिसतं. आठ युनिट. मला लागतात साडेतीन. उरलेली वीज कंपनीच्या तारांमधून कुठेतरी जाते म्हणे. कोणाकडे जाते ते कळत नाही.

दादाच्या घराची किल्ली खिळ्यावर आहे. जाऊन खोली झाडून आले.

६ मे

दादा रोज संध्याकाळी फोन करतो. एरवी आम्हाला बोलायला काही सुचलं नसतं, पण पेटीवरच्या आकड्याने सोय केली आहे. फोन उचलला की पहिला प्रश्न तोच.

"आज किती?"

"साडेआठ."

"वा. आणि तू वापरलीस किती?"

"सव्वापाच."

तिकडे नातवंडांचा गोंधळ ऐकू येत होता, कोणीतरी काहीतरी पाडलं. दादाही गणिताचाच माणूस.

"तुला एकटीला साडेतीन लागतात," तो म्हणाला.

"फ्रिज जुना झालाय."

"बुटके."

"काय?"

"खोलीतला पंखा बंद कर."

"करते," मी म्हटलं. "खोली कोंदट होते म्हणून लावला होता." मग त्याने पायाचं सांगितलं, मी कंबरेचं सांगितलं, आणि फोन ठेवला.

खोली खरंच कोंदट होते. उन्हाळा संपला की करीन बंद.

संध्याकाळी ताट वाढून घेतलं. माझ्या बाजूचं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा. अंधारात स्टुलावर बसून वर पाहिलं. मीटरवरचा दिवा लुकलुकत होता. मग जेवले.